सावित्रीबाईंचे आईपण : काही विचार

१

सावित्रीबाई फुले यांचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. ३ जानेवारीला शाळा-कॉलेजांतून कार्यक्रम होतात, १९९८ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ज्या शहराने त्यांच्या अंगावर शेण टाकले त्याच शहराच्या विद्यापीठाची पदवी आज त्यांच्या नावाने दिली जाते. हा बदल लहान नाही आणि तो आपोआप घडलेला नाही. सत्यशोधकांनी, नंतर आंबेडकरी चळवळीने आणि स्त्रियांच्या चळवळीने तो घडवून आणला आहे, हे कोणी नाकारू नये.

परंतु नाव तोंडी बसले म्हणजे इतिहास समजला असे होत नाही. गेली काही वर्षे मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. विद्यार्थ्यांना सावित्रीबाईंविषयी काय ठाऊक आहे असे विचारले, तर तीन शब्द हमखास येतात : माउली, शिक्षिका, समाजसेविका. पुढे विचारले की शेणाची गोष्ट येते. शाळेत जाताना लोक शेण मारीत, त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलीत. गोष्ट चांगली आहे. पण त्या शाळेत बाईंनी काय शिकवले, कोणाला शिकवले, शिकलेल्या मुलीने पुढे काय लिहिले, हे विचारले की वर्गात शांतता पसरते. म्हणजे आमच्या स्मरणात सोसणारी बाई उरली आणि काम करणारी बाई हरवली.

प्रस्थापित संस्कृतीला बाईचे सोसणे फार आवडते. सोसणाऱ्या बाईला ती देव्हाऱ्यात बसवते आणि देव्हाऱ्यात बसलेली बाई प्रश्न विचारीत नाही. आमच्या चळवळीनेही 'माई' हा शब्द प्रेमाने वापरला, त्यात खोट नाही. मात्र या शब्दामागे जी करणी आहे ती सुटली, तर तो शब्द इतरांच्या 'माते'सारखाच पोकळ होईल. आई, शिक्षिका आणि स्वयंसेविका या तीन नात्यांनी सावित्रीबाईंनी नेमके काय केले आणि जातिव्यवस्थेच्या संदर्भात त्याचा अन्वयार्थ काय, एवढाच विचार या लेखात करावयाचा आहे.

२

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवले आणि १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या शिकवायला उभ्या राहिल्या. म्हणजे पहिल्या पिढीची विद्यार्थिनी आणि पहिल्या पिढीची शिक्षिका या दोन्ही भूमिका त्यांच्या वाट्याला जवळजवळ एकाच वेळी आल्या. आज आमच्यापैकी अनेकांची हीच अवस्था आहे. घरात पाठीशी कोणी शिकलेले नसताना शिकवायला उभे राहणे म्हणजे काय, हे कोणी आम्हांला समजावून सांगायला नको.

१८४९ साली या कामापायी नवरा-बायकोला सासऱ्याचे घर सोडावे लागले. १८५१-५२ मध्ये पुण्यात मुलींच्या आणखी शाळा निघाल्या आणि महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालू झाली. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. शालजोडी जोतीरावांना मिळाली. सावित्रीबाईंचा वाटा मात्र जोतीरावांनीच पुढे सांगितला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना आपण आणि आपली पत्नी यांनी मिळून या शाळांत पुष्कळ वर्षे काम केले, असे त्यांनी नोंदवले. त्या काळात आपल्या बायकोच्या कामाची सरकार-दरबारी अशी नोंद किती सुधारकांनी करून ठेवली, हे अभ्यासकांनी शोधून पाहावे.

या शिकवण्याचे फळ काय, याचे उत्तर १८५५ सालच्या 'ज्ञानोदय'मध्ये आहे. मुक्ता नावाच्या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा निबंध त्यात दोन भागांत छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी तो आहे. वेदांवर ज्यांचा अधिकार नाही असे तुम्ही म्हणता त्या आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल ती मुलगी त्यात करते. पायाभरणीत माणसे गाडल्याच्या, तालमीवरून गेले म्हणून मान कापल्याच्या आठवणी ती मांडते. अस्पृश्य स्त्रियांची बाळंतपणे उघड्यावर होतात, त्यांना ऊन-पाऊस-वारा कसा सोसावा लागतो, हेही ती लिहून जाते. या शेवटच्या मुद्द्याकडे आमचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शाळेत जाणारी एक पोर आपल्या समाजातील बाळंतिणीचे दुःख हा विचाराचा विषय करते. हे तिला कोणत्या पुस्तकात सापडले असेल? पुस्तकात ते नव्हतेच. आपल्या घरचे दुःख लिहिण्याजोगे आहे, ते चारचौघांत मांडण्याजोगे आहे, हा धीर तिला त्या शाळेने दिला. शिक्षिकेचे काम ते हेच. दलित साहित्याचा आरंभ कोठे मानावा याची चर्चा आपण करतो तेव्हा या निबंधापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१० ऑक्टोबर १८५६ चे सावित्रीबाईंचे एक पत्र उपलब्ध आहे. आजारपणामुळे त्या नायगावी माहेरी आल्या होत्या. भावाने वाद घातला. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही नवरा-बायको कुळाला बट्टा लावता, असा त्याचा सूर होता. सावित्रीबाईंनी त्याला समोरासमोर उत्तर दिले. शेळी-गाय जवळ करणारा, नागाला दूध पाजणारा माणूस महार-मांगाला मात्र माणूस समजत नाही, ही विसंगती त्यांनी त्याच्या पदरात घातली. आई ऐकत होती आणि तिला ते पटले, असे पत्रात येते. पत्राच्या ओघात पुण्यातील कामाची काळजी आहे आणि एकटीवर भार पडलेल्या फातिमाची आठवण आहे. या पत्रातली बाई आजारी आहे, माहेरी आहे, पण गप्प नाही.

३

आता आईपणाचा विचार करू. सावित्रीबाईंना पोटचे मूल नव्हते. त्या काळच्या समाजात अशा बाईला काय नावे ठेवीत हे सांगायला नको. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा आग्रह घरच्यांकडून होत होता आणि त्यांनी तो मानला नाही. एवढे सांगून चरित्रकार बहुधा पुढे जातात. पण येथून पुढे जे घडले ते केवळ एका कुटुंबाचा खाजगी वृत्तान्त म्हणून वाचता येत नाही.

१८६३ साली सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काम करणाऱ्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने आपले नवजात मूल मारले. तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. यानंतर जोतीरावांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ही व्यवस्था. ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला दिलेल्या टिपणात जोतीराव या गृहाचा हिशेब सांगतात. तोवर ३५ गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्या ३५ मुलांपैकी पाच जगली. तीस दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या जालीम औषधांनी ती पोटातच नासली होती.

हे आकडे नुसते वाचून चालणार नाही. पस्तीस बाळंतपणे म्हणजे पस्तीस रात्री. कोणीतरी पाणी तापवले असेल, बाळंतिणीला टेकू दिला असेल, तिचे कपडे धुतले असतील, तिला खिमट करून घातले असेल. आणि तीस वेळा एक मेलेले किंवा मरणारे पोर त्या घरातून बाहेर गेले असेल. हे ज्या घराच्या आवारात घडले, त्या घरची बाई सावित्रीबाई होत्या. मुलांना सांभाळण्याचे, बायकांना धीर देण्याचे काम त्यांच्याकडे होते. शिवाय येणाऱ्या स्त्रिया कोणत्या समाजातल्या? ज्या समाजाने त्यांच्या अंगावर शेण टाकले, त्याच समाजाने हाकललेल्या. या कामाला करुणा म्हणता येईल. मात्र करुणा म्हणून थांबलो तर अर्ध्यातच थांबलो.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मर्म सांगितले. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीवर. ही सक्ती टिकवायची तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या बरोबर राहिली पाहिजे. नवरा मेला की बायको 'जास्तीची' ठरते. तिने जातीबाहेर लग्न केले तर जात मोडते, जातीत केले तर दुसऱ्या मुलीचा नवरा पळवते. म्हणून तिला जाळायचे, नाहीतर सक्तीचे वैधव्य लादायचे. विधुरासाठी अजाण वयाची मुलगी आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीची यंत्रणा आहे, असा बाबासाहेबांचा सिद्धान्त आहे.

या सिद्धान्ताच्या उजेडात गंज पेठेतील ते घर पाहिले पाहिजे. विधवेचे मूल मारणे हा एका अभागी बाईचा गुन्हा होता, असे न्यायालय म्हणाले. प्रत्यक्षात जातीच्या यंत्राचा तो शेवटचा आणि सर्वांत घाण भाग होता. यंत्र चालायचे तर ते मूल मेलेच पाहिजे. फुल्यांच्या घराने ते मूल जगवण्याचा प्रयत्न केला, म्हणजे यंत्राच्या नेमक्या त्या चाकात हात घातला. बाबासाहेबांनी १९१६ साली जे सूत्ररूपाने मांडले, त्याची झळ सावित्रीबाईंनी १८६३ पासून आपल्या अंगणात सोसली होती.

२९ ऑगस्ट १८६८ चे पत्र याच संदर्भात वाचावे. तेही नायगावहूनच लिहिलेले आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले. गावाला कळले तेव्हा लोकांनी दोघांना मारीत गावातून फिरवले आणि जिवे मारायला निघाले. सावित्रीबाई धावल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी लोकांना थांबवले. दोघांचे जीव वाचले, गाव सोडण्यावर भागले, आणि बाईंनी त्या जोडप्याला पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. एकट्या बाईने जमावापुढे उभे राहून दोन तरुण जीव आणि एक न जन्मलेला जीव वाचवला.

२०१४ साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा जीव गेला आणि पुढे खटल्यातील आरोपी सुटले. तेव्हा मला हे पत्र फिरून फिरून आठवत होते. तेथे मध्ये पडणारे कोणी नव्हते. आईपण म्हणजे आपल्या पोराला कुशीत घेणे, एवढाच अर्थ आम्ही शिकलो आहोत. परक्याच्या पोरासाठी जमावासमोर उभे राहणे हाही आईपणाचा अर्थ आहे, हे सावित्रीबाईंनी करून दाखवले.

४

१८७४ साली त्या गृहात काशीबाई नावाच्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला आपला म्हणून वाढवले. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

ब्राह्मण विधवेचे, लग्नाबाहेर जन्मलेले मूल शूद्र समजल्या गेलेल्या माळ्याच्या घरात 'मुलगा' होते, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. धर्मशास्त्राच्या आणि त्यावर चालणाऱ्या न्यायालयांच्या मते दत्तक हा आपल्याच जातीतला असावा लागे. दत्तक हाही जात राखण्याचाच एक उपाय होता. घराणे चालवायचे, पिंड द्यायचा, इस्टेट भाऊबंदात ठेवायची. फुल्यांनी या तिन्ही हेतूंना फाटा दिला. म्हणूनच १० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताचा हक्क कागदावर आणला. १८८९ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी यशवंताचे सत्यशोधक पद्धतीने लग्न झाले. विधवेच्या मुलाला मुलगी देणारे घर मिळणे त्या काळी सोपे नव्हते. लग्नाआधी सावित्रीबाईंनी त्या मुलीला आपल्या घरी आणून ठेवले. होणाऱ्या नवऱ्याची, घराची तिला ओळख व्हावी, आणि शिकण्याची गोडी लागावी हा हेतू. सुनेने घरात येण्याआधी घर पारखून घ्यावे, असे म्हणणाऱ्या सासवा आज तरी किती आहेत?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून वाद उभा राहिला. टिटवे धरील तो वारस, असा रिवाज. यशवंत रक्ताचा नाही, तेव्हा त्याला हक्क नाही, असे भाऊबंदांचे म्हणणे. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. नवऱ्याच्या प्रेतापुढे चालणारी ती बाई एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होती. बाई वारस होऊ शकते, आणि रक्ताचा नसलेला मुलगाही मुलगा असतो.

या दोन गोष्टी कायद्यात यायला पुढे किती काळ लागला पाहा. हिंदू कोड बिल रखडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे एक प्रमुख कारण हे बिल होते. १९५६ साली वारसा आणि दत्तक यांचे कायदे झाले तेव्हा मुलीला-पत्नीला वारसा मिळाला आणि दत्तकावरची जातीची अट उरली नाही. तरीही नवरा नांदत असलेल्या बाईला स्वतः दत्तक घेता येत नव्हते. तो हक्क तिला २०१० च्या दुरुस्तीने मिळाला. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावणे बंधनकारक करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. सावित्रीबाईंनी टिटवे धरले त्याला तेव्हा १३४ वर्षे होत आली होती.

५

तिसरे नाते स्वयंसेविकेचे. येथेही आम्ही 'सेवा' या मऊ शब्दावर समाधान मानतो.

१८७६-७७ च्या दुष्काळात जुन्नरकडील ओतूर येथून सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी लिहिलेले पत्र आहे. त्यात उपासमारीचे वर्णन आहे, तसेच सावकार या दुष्काळात काय करतो तेही आहे. सावकारांच्या विरोधात लोक चिडले, दंगल झाली, सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड झाली. सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या. भुकेल्यांना मदत करणारी माणसे तुम्ही गुन्हेगार कशी ठरवता, असा त्यांचा मुद्दा होता. माणसे सुटली आणि वर ज्वारीच्या गाड्या आल्या. म्हणजे अन्न वाटणे, सावकाराचे नाव घेणे आणि सरकारला जाब विचारणे ही तीन कामे त्यांनी एकत्र केली. याच वर्षी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालू होता, आणि तेथे दुष्काळात उघड्यावर पडलेली मुले जेवत होती.

जोतीराव गेल्यावर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी उचलली आणि १८९३ साली सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. 'पतीच्या पावलावर पाऊल' या नेहमीच्या वाक्यात हे बसत नाही. पाऊल टाकणारा पुढे राहिलाच नव्हता. पुढची वाट त्यांची त्यांनाच शोधायची होती.

१८९६ च्या अखेरीस मुंबईतून प्लेग पुण्याकडे आला. लोक शहर सोडून पळत होते. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसरच्या ससाण्यांच्या मळ्यात, शहराबाहेर माळावर, रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळले. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

आता इतिहासाचे पाठ्यपुस्तक उघडा. पुण्याचा प्लेग म्हटले की काय येते? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, रँडची नेमणूक झाली, मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घरझडत्या घेतल्या, घराघरांतील सोवळे मोडले, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. झडत्यांतील जुलूम खोटा नव्हता. पण त्याच शहरात, त्याच महिन्यांत, एक म्हातारी बाई अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन चालत होती, ही घटना प्लेगच्या प्रकरणात का येत नाही? ती आली तर 'समाजसुधारक' या वेगळ्या प्रकरणात, चार ओळींत येते. एका बाजूला शिपायाच्या स्पर्शाने विटाळलेले घर आहे, दुसऱ्या बाजूला विटाळ नावाची गोष्टच न मानणारी पाठ आहे. पहिल्याला राष्ट्राचा इतिहास म्हणायचे आणि दुसऱ्याला सेवाकार्य, ही वाटणी कोणी केली? इतिहास लिहिणाऱ्यांनी केली. आणि आम्ही शिकवणारे ती वर्षानुवर्षे फळ्यावर उतरवीत आलो आहोत.

६

येथवर आल्यावर आजच्या काळाविषयी बोलल्याशिवाय लेख संपवता येत नाही. कारण आई, शिक्षिका, स्वयंसेविका हे तीन शब्द आजही बायकांसाठी वापरले जातात, आणि कशासाठी वापरले जातात हे पाहिले पाहिजे.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्या अंगणवाडीतील बाईला 'सेविका' म्हणतात आणि तिच्या हाताखालच्या बाईला 'मदतनीस'. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा स्वयंसेविका' आल्या. २००० सालापासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला आधी 'शिक्षणसेवक' व्हावे लागते. शब्द पाहा : सेविका, मदतनीस, स्वयंसेविका, सेवक. या सर्वांना मिळते ते मानधन. पगार हा शब्द टाळलेला आहे, कारण पगार म्हटला की हक्क आला, रजा आली, पेन्शन आली. मान मिळतो म्हणून धन कमी, असा या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंगणवाडीतील बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. करोनाच्या साथीत १८९७ चाच तो साथरोग कायदा पुन्हा लागू झाला, आणि घरोघर फिरायला याच बायका गेल्या.

माझी आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. तिला सही करण्यापुरते लिहिता येत असे. सकाळी घरोघर जाऊन पोरे गोळा करायची, एक कडेवर, एक बोटाला धरून. त्यांत गावातलीही पोरे असत आणि आमच्या वस्तीतलीही. कडेवरचे पोर कोणाचे, हे तिने कधी पाहिले नाही. गावातल्या काही घरांतून मात्र निरोप येई की आमच्या पोराला तिथे खायला घालू नका, घरी येऊन जेवील. ज्या कडेवर पोर चालते त्याच हातची खिचडी चालत नाही, हे गणित मला लहानपणी सुटत नसे. पुढे जातीचा अभ्यास करताना ते सुटले. महार बाईचे श्रम गावाला चालतात, तिचे आईपण चालत नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातील पोर पाठीवर घेणाऱ्या बाईचा आज पुतळा आहे. गावची पोरे वर्षानुवर्षे कडेवर वाहणाऱ्या महारवाड्यातील बायांची साधी यादीही कोठे नाही. ही तुलना मी सावित्रीबाईंना कमी लेखण्यासाठी करीत नाही. त्यांनी ज्या कामाला मोल मिळवून दिले, ते काम करणाऱ्या आजच्या बायकांना त्याचे मोल मिळत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. सावित्रीबाईंचा फोटो कार्यालयात लावून त्यांच्या त्यागाचे दाखले मानधनवाल्या बायकांना देणे, ही तर शुद्ध लबाडी आहे. सावित्रीबाईंनी स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या विचाराने काम उचलले होते. दुसऱ्याच्या पोटावर लादलेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहीत.

७

मग स्मरण करायचे ते कसे? मला दोन गोष्टी सुचतात.

पहिली, सावित्रीबाईंची पत्रे, मुक्ताचा निबंध आणि १८८४ चे जोतीरावांचे टिपण हे वर्गात वाचले पाहिजे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आहे. कार्यक्रमाला हार आणण्यापेक्षा त्यातील एक पत्र मोठ्याने वाचावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आरतीला उत्तर नसते, पत्राला असते.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. आंबेडकरी चळवळीतील बायकांना त्यांनी गाठले, बोलते केले, त्यांची नावे आणि कामे कागदावर आणली. नागपूरच्या मजूर बाई जाईबाई चौधरी, ज्यांनी पुढे अस्पृश्य मुलींची शाळा काढली, आणि २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, ही नावे त्या पिढीच्या कष्टाने उरली. त्यानंतरच्या पिढीच्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. कोणी नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेल्या, कोणी वस्तीत बालवाडी चालवली, कोणी वसतिगृहातल्या पोरांना भाकरी घातली. त्यांच्याजवळ लिहिलेले काही नाही. त्या गेल्या की सारे जाईल. इतिहास, समाजशास्त्र, मराठी शिकणाऱ्या आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका बाईची हकीकत तिच्याच बोलीत उतरवून घ्यावी. तारीख विचारावी, ठिकाण विचारावे, सोबत कोण होते ते विचारावे, मानधन किती मिळाले तेही विचारावे. केवळ दुःख विचारून उठू नये. काम काय केले ते विचारावे.

मुक्ताला १८५५ साली आपल्या समाजातल्या बाळंतिणी लिहिण्याजोग्या वाटल्या, कारण तिच्यापुढे तसे शिकवणारी बाई उभी होती. आज वर्गात आम्ही उभ्या आहोत. आमच्या मुलामुलींना आपल्या आया लिहिण्याजोग्या वाटतात की नाही, यावरून आमच्या शिकवण्याची परीक्षा होईल.